बेचाळिसाव्या वर्षीचं बाळंतपण

ब्राह्मणपुरी, रविवार

प्रिय रुपा,

तुझी भाची आख्खी गल्ली जागी होईल एवढ्या जोरात रडते आणि मला ते ऐकतच बसावंसं वाटतं. तीन किलोची झाली, हे फोनवर सांगितलंच. पण बाळंतपणाचं काही काढलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

लग्नाला वीस वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, तेव्हा गावातल्या बायांनी तोंडाला पदर लावला. सासूबाई मात्र कंबर कसून उभ्या राहिल्या. आमच्या दारापासून नाल्यापर्यंत पपईच पपई, आणि त्यांचा हुकूम, "पपईना वावरमा पाय ठेवू नको!" खाणं तर सोडच, तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. मी खाटेवर, सकाळी तुपातला शिरा, दुपारी केळ्याचं शिकरण. सगळा पहारा पपईवर आणि साखर वाढवली शिऱ्याने! सहाव्या महिन्यात शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून मलाच झापलं. वयाला दोष देऊ नका, म्हणाल्या, आधी खाट सोडा.

एवढ्या वर्षांनी मिळालेलं हातचं जातंय की काय, या भीतीने मी येताना एसटीत रडले. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. घरी आल्यावर सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. शिरा बंद. दादर ज्वारीची भाकरी, मेथी, मोडाची मटकी, आणि जेवण झालं की चालणं. कुठे? पपईच्या ओळींमधूनच, दुसरी सावली आहे कुठे आमच्याकडे! सासूबाई तीन दिवस बांधावर बसून बोटं मोडत होत्या, चौथ्या दिवशी मी पडेन म्हणून माझ्यामागे चालू लागल्या. तपासणी एकही चुकवली नाही. साखर उतरली, बाळंतपण सरळ झालं. आता "मन्ही नात शे, मन्हाकडे दे" म्हणत त्या पोरीला मांडीवरून उतरू देत नाहीत. पदराआड हसणाऱ्या बाया आंगडं-टोपडं घेऊन येतात. रुपा, मी जिंकले गं!

आता खरं बोलते. आईने मला सगळं सांगितलं. तुला चौथा महिना लागलाय, आणि कॉलेजात जाणारी तुझी लेक काजल काय म्हणेल या लाजेने तू अजून दवाखान्याची पायरी चढली नाहीस. एकोणचाळिसाव्या वर्षी दिवस गेले म्हणजे काही चोरी केली नाहीस. माझा सव्वा महिना शनिवारी संपतो. सोमवारी पोरीला घेऊन धानोऱ्याला येते. काजलला मी सांगेन, आणि दवाखान्यात ती तुझा हात धरून बसेल. तू फक्त तयार राहा.

तुझीच,
जसोदाताई