काकूची सावली केवढी होती

अव्वा, काकू परवा माझ्या स्टुडिओत आली होती. तीच, तुझी धाकटी जाऊ, जिच्यावर तू पैंजणांचा जोड उचलल्याचा आळ घेतला होतास. दार ढकलून आत आली तेव्हा मी ओळखलंच नाही, आणि ओळखलं तेव्हा पहिला विचार आला तो हा, की ही आत्ता का आली? शाहूपुरीत फोटो काढणारी काय मी एकटीच आहे? तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझा शंकेखोर स्वभाव माझ्याकडे सुखाने नांदतोय. दूधवाल्याचं माप मी अजून वाकून बघते, आणि कुणी विनाकारण गोड बोलायला लागलं की पर्स जवळ ओढते. काकू म्हणाली, "फोटू पायजे हुता. कागदाला लावायला." नुसत्या फोटोसाठी हुपरीहून एसटीनं इथवर? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तुला आपली कामाची खोली आठवत असेल. पैंजणांना घुंगरू जोडायचं काम घरातल्या बायकांचं. खोलीच्या मधोमध वायरीला लोंबकळणारा बल्ब, जमिनीपासून हातभर वर, कारण उजेड नेमका हातावर पडायला हवा. ती खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अर्धीच भिंत होती. चुलीपाशी बसलेल्या माणसाला तिच्यावरून पलीकडच्या भिंतीचा वरचा भाग तेवढा दिसायचा. माणसं दिसायची नाहीत, त्यांच्या सावल्या दिसायच्या. तू भाकरी थापता थापता त्या सावल्यांवर डोळा ठेवून असायचीस. कोण उठलं, कोण बसलं, कोण कुणाकडे झुकलं, सगळं तुला भिंत सांगायची. मला लहानपणी ते फार हुशारीचं वाटायचं. त्याच पलीकडच्या भिंतीत, खालच्या अंगाला, फडताळ होतं आणि तयार माल त्यात असायचा.

ज्या संध्याकाळी त्यातला एक जोड सापडेना, त्या संध्याकाळी तू सगळ्यांसमोर सांगितलंस, "मी बघितलंय की. हिची सावली भिंतीवर पार आढ्यापतोर गेलती. फडताळापाशी गेल्याबिगर एवढी मोठी व्हतीय व्हय?" आप्पांना पटलं, काकांना पटलं. सगळ्यांना पटलं. भिंतीजवळ गेलं की भिंतीवरची सावली मोठी होणार, यात न पटण्यासारखं काय आहे? काकूला वाडीला नेऊन दत्ताच्या पायरीवर हात ठेवायला सांगायचं ठरलं, तर ती म्हणाली, "मी न्हाय घेतलं. देवाला कशाला मधी घालू?" शपथ नाकारली म्हणजे चोरच, झालं. चुली वेगळ्या झाल्या. काका-काकू गावातच भाड्याच्या खोलीत राहायला गेले. पैंजण मात्र कधी सापडले नाहीत.

परवा मी काकूला पांढऱ्या पडद्यापुढे स्टुलावर बसवते. छत्रीचा लाइट अजून लावलेला नाही, समोर खाली साधाच दिवा आहे. ती स्टूल मागे सरकवते, पार पडद्याला टेकेपर्यंत. "पाठ धरलीया गं, टेकून बसतो जरा." तिच्यामागे तिची सावली, तिच्याएवढीच, अंबाड्यासकट. मी म्हणते, "पुढं ये काकू, सावली येतीय फोटोत." ती उठून पुढे येते, दिव्याच्या अगदी जवळ, आणि पडद्यावरची सावली वाढत वाढत छताला जाऊन लागते. हे मी रोज बघते. दिव्याजवळ गेलं की माणूस जास्त उजेड अडवतो, म्हणून सावली फुगते. पडद्याजवळ गेलं की ती माणसाच्या मापावर येते. पण ती भिंत आणि हा पडदा माझ्या मनात कधी शेजारी शेजारी आले नव्हते. परवा आले, आणि माझा हात कॅमेऱ्यावरच राहिला. काकू फडताळापाशी असती तर तिची सावली तिच्या मापाची, म्हणजे एका ठेंगण्या बाईएवढी पडली असती, आणि अर्ध्या भिंतीवरून तुला ती दिसलीसुद्धा नसती. आढ्याला लागली, म्हणजे ती बल्बापाशी होती. खाली मान घालून घुंगरू जोडत होती.

दुसऱ्या कुणाची लेक असते तर म्हटलं असतं, आईची चूक झाली. एक हात पिठात, एक डोळा तव्यावर, अशात माणूस फसतं. पण मी तुझी लेक आहे. त्याच बल्बापुढे हाताचं हरीण तूच मला करून दाखवायचीस. मी हट्ट करायचे, हरीण मोठं कर, आणि तू हात भिंतीकडे नाही, दिव्याकडे न्यायचीस. "दिव्याजवळ आणलं की मोठं व्हतंय बघ," हे तुझेच शब्द. मग त्या संध्याकाळी ते कुठे गेले, अव्वा? तुला वेगळी चूल हवी होती हे मला ठाऊक आहे. आप्पांनी काकूच्या आमटीला चांगलं म्हटलं की तू भांडी आदळायचीस, हेही मी पाहिलंय. तू फसलीस की फसवलंस? मला तुझा राग आला, आणि भांडायला तू नाहीस म्हणून आणखी आला.

फोटो झाला तरी काकू उठेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तुझी आई जाताना माझ्याबद्दल काय बोलली का गं?"

म्हणजे यासाठी आली होती. दवाखान्यात तुझ्या उशाशी मीच होते. तू गोठ्यातल्या म्हशीची चौकशी केलीस, किल्ल्या कुठे ठेवल्यात ते सांगितलंस. काकूचं नाव एकदाही काढलं नाहीस.

"व्हय," मी म्हटलं. "म्हणाली, तिनं न्हाय घेतलं. माझंच चुकलं."

काकूनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मी उगाच कॅमेऱ्यात डोकं घातलं. ती म्हणाली, "तुझी आई आसं म्हणणारी बाई न्हवं." मग फोटोचं पाकीट घेऊन जिना उतरून गेली.

हे लिहून झालं की फाडणार आहे. पोस्टात टाकायचं म्हटलं तरी तुझा पत्ता कुणाकडे आहे? तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले, असं घरी सांगितलं. ते काही खरं नाही. मलाच ते वाक्य एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.