होडीतला शेजारी

बाबा, मागच्या महिन्यात आम्ही व्हिएतनामला जाऊन आलो. तुमच्या जावयांना रिटायर होऊन वर्ष झालं, म्हणून खोपोलीच्या एका टूरवाल्याकडे नावं दिली. ग्रुपमध्ये सगळी कर्जत, खालापूर, मोहोपाड्याकडचीच माणसं. हॉटेलच्या नाश्त्याला पिशव्यांतून चकल्या आणि लसणाची चटणी निघायची.

त्यातला एक म्हातारा मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. पंचाहत्तरीचा, एकटाच आलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी देवळं, मग जेवण, मग होड्या असा कार्यक्रम होता, आणि हा माणूस सकाळपासून माझ्या मागेमागे. बसमध्ये माझ्यासाठी खिडकी धरून ठेवली. देवळाच्या पायऱ्यांवर माझी पाण्याची बाटली उचलली. "माहेर कुठलं गं तुझं?" मोहोपाडा, म्हटलं. "कॉलनीत? आई हाय अजून?" शेलूला भावाकडे असते असं सांगून बसले आणि लगेच वाटलं, एवढं सांगायला नको होतं. यांना हळूच म्हटलं, या माणसाला काहीतरी हवंय. विमा विकत असेल, नाहीतर प्लॉट. हे म्हणाले, "तुला सगळ्यांचाच संशय येतो."

येतो, बाबा. कधीपासून, ते तुम्हाला माहीत आहे. मी नववीत होते. कंपनीच्या स्टोअरमधून पितळी व्हॉल्व गेले आणि किल्ल्या तुमच्याकडे होत्या. गेटवर तुमचा डबासुद्धा उघडून बघितला. नोकरी गेली, कॉलनीतली खोली गेली. घरी येऊन तुम्ही एकदाच म्हणालात, "मी नेलं नाय." दुसऱ्या दिवशी घरात कोणी नाही असं बघून मी तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालते, चाचपते, आणि मागे वळते तर तुम्ही दारात उभे. रागावला नाहीत. "सापडलं काय गं?" एवढंच विचारलंत आणि चपला घालून बाहेर गेलात. पुढे कळंबच्या फार्महाऊसवर तुम्ही बारा वर्षं वॉचमन होतात. मालक सगळ्या किल्ल्या तुमच्या हातात टाकून मुंबईला जायचा. मला वाटायचं, याला काही माहीत नसणार.

होडीत दोघादोघांना बसवत होते. वल्हवणारी बाई मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारत होती. गुडघ्यामुळे हे काठावरच राहिले, तर म्हातारा माझ्या होडीत येऊन बसला. मी पर्स मांडीवर घट्ट धरली. पाण्याने भरलेल्या खाचरांमधून होडी पुढे गेली, डोंगराखालच्या गुहेत शिरली. छत इतकं खाली की माना वाकवून बसावं लागलं. तिथे तो बोलायला लागला.

"ह्या होडीवालीला आपलं कळत नाय म्हनून बोलतो. तू बापासारखीच दिसतेस. विमानतळावरच वळखली मी तुला. स्टोअरला मी तुझ्या बापाबरोबर होतो. ते व्हॉल्व मी नेले. तुझा बाप माझ्याकडं किल्ल्या देऊन जेवायला गेलेला. मी माल भंगाराच्या टेंपोत टाकला."

"त्यांनी साहेबांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. माझ्याकडं बोट करून, किल्ल्या ह्याच्याकडं होत्या म्हनला. मी नाय म्हटलं. सायबाला माझं खरं वाटलं."

"मग आता कशाला सांगताय?"

"बायको गेली माझी. आता लाज वाटायला घरात कोन नाय."

काठाला लागल्यावर उतरताना त्याचा पाय घसरला आणि मी हात दिला. द्यायचा नव्हता; गेला. यांनी विचारलं, काय विकत होता? मी म्हटलं, काही नाही.

परवा त्याचा फोन आला. रविवारी शेलूला येऊन आईपुढे सगळं सांगतो म्हणाला. मी हो म्हटलं, पण तो येईल यावर माझा भरवसा नाही. आईला आधी सांगितलं आणि तो आलाच नाही तर, म्हणून अजून तिला बोलले नाही. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात होतं. पण फोटो ती रोज पुसते, म्हणून माझ्या कपाटातच राहील.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जातेय. तुमचं "नाय" मला इतकी वर्षं पुरलं नाही, बाबा. आणि त्या परक्या माणसाचं म्हणणं मी होडी काठाला लागायच्या आत खरं धरलं.