मागच्या महिन्याच्या तुलनेत

प्रिय खारू,

हे पत्र कारखान्यातल्या माझ्याच टेबलाशी बसून लिहितो आहे. टेबल तेच, खुर्ची बदलली. जुनीचं चाक गेलं तेव्हा स्टोअरवाल्याने ही कुठूनतरी शोधून आणली. खिडकीतून ओतकामाची शेड दिसते. तू लहानपणी यायचीस तेव्हा शेडजवळून जाताना दोन्ही कान झाकून घ्यायचीस. आज झाकले नसतेस तरी चाललं असतं.

तुझा पहिला फोन आला तेव्हा तुझी आई जाऊन वर्ष होत आलं होतं. पलीकडून आवाज आला, 'नमस्कार साहेब, सर्वेक्षण कार्यालयातून बोलते आहे, पाच मिनिटं मिळतील का?' मी ओळखला. कारखान्याचं नाव तुझ्यासमोर होतंच, तेव्हा तुला ओळखायचा प्रश्न नव्हता. नवीन ऑर्डरी मागच्या महिन्याच्या तुलनेत जास्त, तेवढ्याच, की कमी? मी म्हणालो, तेवढ्याच. उत्पादन? तेवढंच. कामगार? तेवढेच. कच्चा माल वेळेवर येतो का, गोदामात तयार माल किती, भाव कसे, सगळं तू एका सुरात विचारलंस आणि मी त्याच सुरात सांगितलं. शेवटी तू 'आभारी आहे' म्हणालीस. मी 'ठीक आहे, मॅडम' म्हणालो आणि रिसीव्हर ठेवला. आमचा अकाउंटंट माझ्याकडे बघत होता. 'कोण होतं हो? एकदम उभे राहिलात.' मी उभा होतो हे मला त्याने सांगितल्यावर कळलं.

त्याआधी आपण बोलत नव्हतो असंही नाही. आईमार्फत बोलत होतो. 'ती विचारते आहे, तुमच्या गुडघ्याचं काय', 'ते म्हणतात, हवा बदलली आहे, जपून राहा'. तिने ते काम इतकी वर्षं बिनतक्रार केलं की आपल्याला ते काम आहे हेच वाटलं नाही. सुरुवात कुठून झाली ते तुलाही आठवत असेल. मी मालकांशी बोलून तुझ्यासाठी ड्रॉइंग ऑफिसात जागा ठरवली होती. तू ती नाकारलीस आणि ही नोकरी धरलीस. घरी पाहुणे होते. मी म्हणालो, 'इंजिनियर केलं मी हिला, आणि ही निघाली बाजाराचा थर्मामीटर व्हायला.' सगळे हसले. तुझे मामा तर खोकला येईपर्यंत हसले. तू पाण्याचे पेले उचलून आत गेलीस. मला वाटलं, राग आहे, दोन दिवसांत उतरेल. माझ्या हिशेबात माणसांचे राग थकलेल्या बिलांसारखे होते, उशिरा का होईना मिटायचेच.

मग दर महिन्याला फोन येऊ लागला. तुमचा आकडा कसा निघतो ते मी वर्तमानपत्रातून समजून घेतलं. शंभरातले किती जण 'जास्त' म्हणाले ते घ्यायचे, 'तेवढंच' म्हणणारे अर्धे धरून त्यात मिळवायचे, आणि बेरीज पन्नासच्या वर गेली की देशातली कारखानदारी वाढते आहे असं म्हणायचं. मला ते आधी पोरकट वाटलं. इथे व्हॉल्व्हचा एक नग मापात बसला नाही तर आम्ही अख्खी पेटी परत पाठवतो, आणि तुम्ही कुणाच्याही तोंडच्या 'जास्त-कमी'वर देशाची तब्येत सांगता. पण आमच्या धंद्यातली घसरण तुम्हीच आधी पकडलीत. मालकांना ती पुढच्या ताळेबंदात दिसली. हे मी तुला सांगायला हवं होतं. कौतुकासाठी तुमच्या यादीत जागा नव्हती, म्हणून राहिलं.

फोनच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. अकाउंटंट म्हणायचा, 'आज मॅडमचा वार दिसतो.' तुझ्या आवाजावरून मी अंदाज बांधत असे. सर्दी आहे. झोप झालेली नाही. एकदा मागे कुणीतरी हसलं आणि तुझाही आवाज हसून आल्यासारखा होता. तो महिना मला बरा गेला. तूही माझ्याबाबत हेच करत असशील, असं तेव्हा मनात आलं नाही.

शेजारचा रंगाचा कारखाना बंद पडला त्या महिन्यात तुमचा आकडा वर गेला. मी वैतागून तुला विचारलं, 'मॅडम, बंद पडलेल्यांना तुम्ही कुठे धरता?' तू म्हणालीस, 'ते यादीतून जातात, साहेब. त्यांच्या जागी दुसरा घेतो.' मी म्हणालो, 'म्हणजे मेलेल्याची तब्येत विचारत नाही.' तू म्हणालीस, 'नाही. मलाही ते पटत नाही.'

मध्ये एका महिन्यात दुसऱ्याच मुलीचा फोन आला. तुला ताप होता. ती नवखी असावी, बोलघेवडी होती. म्हणाली, 'खरं तर तुमचा कारखाना ताई कुणाला देत नाहीत. त्या आता प्रमुख आहेत, बाकी सगळे फोन आम्हीच करतो, पण हा एक त्यांनी ठेवलाय. ओळख आहे का काही?' मी म्हणालो, 'आहे थोडी.' त्या दिवशी मी तिला सगळी उत्तरं चुकीच्या क्रमाने दिली. बिचारीने पुन्हा विचारली.

आता मुख्य गोष्ट. त्यानंतर तू फोनवर परत आलीस तेव्हा तुझे प्रश्न संपले आणि तू आभार मानले नाहीस. म्हणालीस, 'आणि तुमच्याकडे, बाकी सगळं कसं आहे?' मी म्हणालो, 'मागच्या महिन्याइतकंच.' तू म्हणालीस, 'बरं.' फोन ठेवला. बिलं तपासायला घेतली, आणि दुसऱ्या की तिसऱ्या बिलावर माझ्या लक्षात आलं की हा प्रश्न तुमच्या यादीत नाही. इतक्या महिन्यांत तो कधीच नव्हता. नंबर समोर होता. मी रिसीव्हर उचलला, मग ठेवला, मग पितळेच्या सळ्यांच्या व्यापाऱ्याला फोन लावून त्याच्याशी उगाच भावावरून भांडलो. पुढच्या महिन्यात तो प्रश्न येईल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. फोन आला, प्रश्न आला नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही पुन्हा विचारलं नसतं.

मागच्या वेळी मी तुला सगळ्याला 'कमी' सांगितलं. शेवटी तुमचा तो नेहमीचा प्रश्न, येत्या वर्षभरात उत्पादन वाढेल असं वाटतं का. त्याला मी इतके महिने डोळे मिटून 'वाढेल' म्हणत आलो. सगळेच म्हणतात, म्हणायला काही लागत नाही. या वेळी मी 'नाही' म्हणालो. तू फोन लगेच ठेवला नाहीस. मीही नाही ठेवला. दोघं नुसते धरून बसलो. मग आमच्याकडची लाइट गेली आणि टेलिफोनचा बोर्ड बंद पडून फोन कट झाला.

कारखाना शुक्रवारी बंद झाला. मी आवराआवरीसाठी येतो. या आठवड्यानंतर तेही नाही. तुझा फोन नेहमीसारखा पहिल्या आठवड्यात आला तर तो वॉचमन उचलेल, त्याला ऑर्डरींचं विचारू नकोस, तो घाबरेल. नियमाप्रमाणे आमचं नाव काढ आणि दुसरा कारखाना घे. पण मला तुझ्याकडे यायचं आहे. राहायला नाही, भेटायला. घरच्या फोनवरून तुला विचारता आलं असतं, पण तुझ्या ऑफिसचा नंबर फिरवला की माझ्या तोंडून 'मॅडम'च निघेल अशी भीती वाटते. तू घर बदललंस हे आईने सांगितलं होतं. नवा पत्ता तिच्याकडे होता, तिच्या डोक्यात. मी कधी विचारला नाही. म्हणून हे पत्र तुझ्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवतो आहे आणि पाकिटावर 'खाजगी' लिहितो आहे. तू कुठे राहतेस ते मला कळव.

तुझाच,
बाबा