साहेबांच्या गाडीला दुधाचा डबा

३ डिसेंबर १९९६
ह्यांनी नेत्राच्या दूध पावडरीचा रिकामा डबा नेला. म्हटलं, मी त्यात डाळ भरणार होते. तर म्हणे, "साहेबांच्या गाडीला लावायचाय." मेजरसाहेबांची घरची जुनी गाडी. ड्यूटी संपली की हे ती क्वार्टरसमोर आणून उघडून बसतात. इंजिनातनं तेलाची वाफ निघते, ती परत आतच जाते अन् गाडी निळा धूर ओकते. आता वाफ नळीनं डब्यात येणार, तेल तळाला साचणार. झाकणाला एक भोक ठेवलंय — हवा जायला.
डाळ पिशवीतच राहिली.

५ डिसेंबर
साहेब दारात आले. "हरिहर, पोस्टिंग की लिस्ट बन रही है. बच्ची छोटी है तुम्हारी, मैं बात करूँगा." हे ताठ उभे. "जी साहब." एवढंच.
नाव आलं की वर, काश्मीरला. शेजारच्या माणिकचे यजमान तिकडंच आहेत. रेडिओवर बातम्या लागल्या की ती गॅस बंद करून बसते.


८ डिसेंबर
डबा उघडून दाखवला. अर्धी वाटी तेल, वर पिवळी साय. "थंडीचं पाणी मिसळतं त्यात." धूर कमी झालाय. खुश होते. साहेबही खुश आहेत म्हणे.

११ डिसेंबर
गाडी खिडकीखाली अर्धा तास चालू. भोकातनं वास सगळा घरात. नेत्रा खोकून खोकून ओकली. हे गाडी बंद करून पाना आणायला वर्कशॉपात गेले. मी तिच्या औषधाच्या बाटलीचं रबरी बूच — ती चावत बसते ते — त्या भोकात दाबलं. घट्ट बसलं.
सांगायचं होतं. चपात्यांच्या नादात राहिलं.

१२ डिसेंबर
गाडी अमौसी विमानतळाच्या रस्त्यावर बंद पडली. साहेबांच्या सासूबाईंचं विमान चुकलं.
"डब्याची हवा अडली. आत दाब वाढला, तेल मोजायची पट्टी उडाली, सगळं तेल बाहेर. इंजिन जाम."
"कशानं अडली?" मी विचारलं.
"माझी चूक. साहेबांना तसंच सांगितलं."
मी चपाती उलटली.

१३ डिसेंबर
सांगितलं नाही.

१४ डिसेंबर
आजही नाही. साहेब ह्यांच्याकडं बघतसुद्धा नाहीत. नेत्रा बूच शोधते. तिला चमचा दिला.

२० डिसेंबर
लिस्ट आली. नाव आहे. माणिक म्हणाली, "रडू नकोस, बाळाला कळतं." मी रडत नव्हते.

२ जानेवारी
ह्यांची ट्रंक भरली. लोकरीच्या मोज्यात काहीतरी कडक लागलं. बूच. तेलानं काळं झालेलं, तिच्या दातांच्या खुणा तशाच.
मोज्याची होती तशी घडी घातली.