शकीलभाईंचे स्वच्छ हात

मंगळवार, संध्याकाळ

शकीलभाईंच्या हातांवर आज रंगाचा एकही डाग नव्हता. घरी आलो, जेवायला बसलो, तरी तेच डोक्यात.

बारामती एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये गाड्यांचे दरवाजे, बॉनेट रंगवतो. स्प्रे बूथ, म्हणजे रंग फवारायची खोली, थिनरनं पुसणं मी गेल्या महिन्यात बंद केलं. आता भिंतींना प्लास्टिकची फिल्म लावतो आणि ती माखली की सोलून काढतो. फरशीला पाण्यातलं क्लीनर. थिनर विषारी, म्हणून कपाटात, किल्ली माझ्या खिशात. तरी आज सुट्टीच्या वेळी बूथमागं तोच वास.

"थिनर कुणी वापरलं?" मी विचारलं.

"किल्ली तुमच्याकडंच हाय की, साहेब," शकीलभाई म्हणाले. आमचे सगळ्यात जुने पेंटर. खोटं बोलतील? मग हात इतके स्वच्छ कसे निघाले? नव्या क्लीनरनं हातावरचा रंग जात नाही, मी स्वतः घासून पाहिलंय. पूर्वी सगळे थिनरच्या बोळ्यानंच हात पुसायचे. बूथचा एवढा विचार केला, हातांचा केलाच नाही.

बाहेरून आणत असतील. पण कशातून? निघताना त्यांच्या पिशवीतून कोल्ड्रिंकची जुनी बाटली डोकावत होती. मला वाटलं पाणी असेल. पण झाकणावर आजच्याच पिवळ्या रंगाची बोटं उमटली होती, म्हणजे हात पुसायलाच ती उघडली होती.

म्हणजे ती बाटली रोज वडगावला घरी जाते. आणि आजोबा आले की नात आधी पिशवीच उघडते, खाऊ शोधायला. हे त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं.

फोन लावला. उचलत नाहीत. गाडी काढतो.