सुई ओवणारं यंत्र

प्रिय आईस,
तुझ्या धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी नि तुझे जावई मजेत आहोत, मी वेळेवर जेवते. मी कामाला जाते त्या गोधड्यांच्या दुकानात दर शनिवारी बायका जमून इस्पितळातल्या मुलांसाठी गोधड्या शिवतात. शिवण कमी, गप्पाच जास्त!

त्यात एक आजी येतात. नजर अधू झाल्यापासून नुसत्या बसून असायच्या. परवा मालकिणीनं नवं यंत्र आणलं. त्यात सुई उभी करायची, दोरा आडवा ठेवायचा, खटका दाबला की सुई ओवलेली! आजींनी तीनदा ओवून पाहिली आणि म्हणाल्या, "आता माझ्या वाटणीचे तुकडे द्या गं!" मला एकदम तूच दिसलीस.

ताईनं सांगितलंय मला. फोनवर "वेळ कुठे मिळतो?" म्हणतेस, पण सुई ओवता येत नाही म्हणून तू शिवण सोडलंयस. रागावले नाही गं. सोबत तसंच यंत्र पाठवतेय. डॉक्टरांना डोळे दाखवलेस का?

आणि एक गोधडी शिवायला घे, तुझ्या मऊ झालेल्या साडीची. दोन हात लांब पुरे. गोष्टी लपवण्यात मीही तुझ्यावरच गेलेय. मला चौथा महिना लागलाय. बाबांना तूच सांग, मला लाज वाटते.

तुझीच,
धाकटी