सत्यमच्या आधीचा घास

मी, सूर्यभान पुंजाराम गाडेकर, वय एकाहत्तर, एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर, मूळचा कन्नड तालुक्यातला, सध्या राहणार पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. बिघडली आहे ती अन्ननलिका, आणि ती आता दुरुस्त होणार नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी भुलवलेलेही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी आवडाबाई हयात नाही. मोठा मुलगा रामेश्वर पुण्याला नोकरीस असून सायली ही त्याची पत्नी. धाकटा मुलगा सत्यम, वय अडतीस, अविवाहित, माझ्यापाशी राहतो. याखेरीज मला वारस नाही.

२. राहते घर गच्चीसह दोघा मुलांना निम्मे निम्मे द्यावे. सत्यमचा हिस्सा रामेश्वरने सांभाळावा आणि सत्यम आहे तोवर घर विकू नये. बँकेतली ठेव सत्यमच्या औषधपाण्यासाठी आहे. रामेश्वर माणूस म्हणून वाईट नाही. त्याच्यावर विश्वास आहे म्हणूनच त्याला व्यवस्थापक नेमतो.

३. माझी पान्यांची पेटी रामेश्वरने न्यावी. तो ती उघडणार नाही, तरी भंगारात घालू नये.

४. माझा भाऊ कारभारी याला काहीही देऊ नये, आणि त्याने मला खांदाही देऊ नये. त्याच्या मुलीच्या लग्नात त्याने सत्यमचे पान मांडवामागे, गोठ्याजवळ मांडले. "पाव्हण्यात कशाला, दादा? काही बोलला-बिलला तर?" असे तो मला म्हणाला. आवडाबाईने स्वतःचे पान उचलून गोठ्याकडे नेले. मग मीही गेलो. कारभारीच्या मुलीला माझा आशीर्वाद आहे. तिचा यात दोष नाही.

५. आता गच्चीवरच्या मिरच्या. रंगाचे रिकामे डबे आणि कापलेली पिंपे यांत ही झाडे आहेत. बी आवडाबाईच्या माहेरचे. हे कलम लांबणार आहे, कारण माझ्या पश्चात सत्यमची गोष्ट सांगणारे दुसरे कोणी नाही.

सत्यम पॉलिटेक्निकला असताना, एकोणिसाव्या वर्षी, होस्टेलवरून घरी आला आणि जेवेना. डब्यात कोणीतरी काहीतरी कालवते, असे म्हणू लागला. दवाखाने झाले, गोळ्या सुरू झाल्या, भास कमी झाले. अन्नाची भीती मात्र गेली नाही. दूध नको, भात नको, गोड तर नकोच. अंगावर कातडे तेवढे राहिले होते. तेव्हा आवडाबाई त्याला गच्चीवर घेऊन गेली. "तूच खुड," म्हणाली. त्याने खुडलेल्या मिरच्या तिने त्याच्यासमोर तूरडाळीत, वांग्याबरोबर शिजवल्या, रवीने घोटल्या, वरून लसूण-शेंगदाण्याची फोडणी दिली. बाजरीची भाकरी मोडून पहिला घास तिने खाल्ला. भाजी जहाल होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. सत्यम ते पाहत राहिला. खोटेखोटे चावणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, हे त्याच्या मनाने धरले असावे. मग तो जेवला.

तेव्हापासून घरात रोज हीच भाजी आहे. गोळी भाजीत कुटून घाला, असे नातेवाइकांनी सुचवले. आवडाबाई म्हणाली, "मंग त्याचं खरंच झालं की वो!" त्याच्या अन्नात काहीही लपवून घालू नये, ही माझीही आज्ञा समजावी. गोळी तो जेवणानंतर हातावर मागून घेतो.

ती गेल्यावर पहिला घास माझ्याकडे आला. सत्यमने ताट माझ्याकडे सरकवले आणि म्हणाला, "बाबा, तुमी खा." मी खाल्ले. लई बरे वाटले होते, खोटे का सांगू? दोघे घाम पुसत जेवायचो, वर ताकाचा पेला. मला दुसरे सुख नको होते.

गेल्या उन्हाळ्यात घास अडकू लागला. डॉक्टरांनी गाठ दाखवली आणि तिखट बंद, पातळ तेवढे घ्या, म्हणाले. मी तरी रोज एक घास गिळत राहिलो. रामेश्वरने एका भेटीत ते पाहिले आणि सुट्टी काढून सायलीला घेऊन आला. सायलीने चांगल्या मनाने सगळे केले. सत्यमने खुडलेल्या मिरच्या, तीच डाळ, तशीच फोडणी. पहिला घास तिने घेतला, ठसका लागून रडली बिचारी. सत्यमने तिच्याकडे पाहिले, ताट माझ्याकडे सरकवले. "बाबा, तुमी खा."

रामेश्वर बाहेर ओट्यावर येऊन म्हणाला, "बाबा, तुमच्या पाठीमागं काय करायचं सांगा. माझ्याकडून नाय व्हणार हे."

पडेगावच्या पुढे त्याने एक निवारागृह पाहून ठेवले आहे. मीही जाऊन आलो. जागा स्वच्छ आहे. तिथले गृहस्थ म्हणाले, "काका, भूक लागली की इथं सगळेच खातात." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सत्यमला तिथे ठेवण्यास माझी संमती आहे, कारण दुसरी जागा नाही.

परवा दुपारी घास उतरेना. डोळ्यांत पाणी आले, सत्यमने हात ताटाकडे नेला, आणि मला मोरीपर्यंत जाता आले नाही. घास त्याच्या समोर तोंडातून खाली पडला. तो ओरडला नाही. हात मागे घेतला आणि म्हणाला, "तुमीबी?"

तेव्हापासून त्याने पाण्याखेरीज काही घेतलेले नाही. मी समजावले, तोंड उघडून दाखवले, डॉक्टरांचे कागद दाखवले. तो ऐकून घेतो.

६. निवारागृहात तो जेवला नाही तर डॉक्टरांनी योग्य ते करावे. पण त्याचे हात बांधून, तोंड दाबून कोणी भरवू नये. समोर बसावे, वेळ लागला तरी बसावे.

७. मिरचीची झाडे कोणाला देत नाही. सायलीच्या गॅलरीत ऊन येत नाही. झाडे वाळली तर वाळू द्यावीत.

एवढे लिहून मी आता डाळ शिजत घालणार आहे. मिरच्या सत्यमने अजून खुडलेल्या नाहीत.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) सूर्यभान पुंजाराम गाडेकर

साक्षीदार:
१. (सही) कडूबा रंगनाथ सोनवणे, शेजारी
२. (सही) डॉ. विशाखा दाभाडे, पुंडलिकनगर

स्थळ: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५